स्टॉक कार शर्यतींचा वाढता खर्च आणि घटणाऱ्या गाड्या: नियमांनी खर्च खरोखर कमी होतो का?

रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. विषय परदेशातला आहे, पण इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत हयात घालवलेली आणि यंत्रांशी रोजचा संबंध असलेली बरीच इंदूरकर मंडळी इथे आहेत, म्हणून हा प्रश्न तुमच्यापुढे मांडतो आहे.

माझा भाचा अकरा वर्षांपासून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळ राहतो. तो सारा प्रदेशच स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे मुळात रस्त्यावरच्या गाड्यांवरून बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींचा आहे. या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या बहुतेक मोठ्या संघांच्या कार्यशाळा त्याच परिसरात आहेत. तिथे गेल्यावर दोन वर्षांतच त्याने एक जुनी गाडी घेतली आणि एका फेरीला अर्धा मैलही न भरणाऱ्या गावाबाहेरच्या अंडाकृती ट्रॅकवर तो शनिवारी रात्री 'स्ट्रीट स्टॉक' वर्गात धावू लागला. त्याची शर्यत संपते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडलेली असते, त्यामुळे मोसमभर आमचा रविवारचा चहा त्याच्या व्हिडिओ कॉलवरच होतो.

अशाच एका कॉलवर त्याने मला मागच्या चाकांची मोजणी दाखवली. दातांत टॉर्च धरून, शिंप्याकडे असते तशी फीत टायरभोवती गुंडाळून तो घेर मोजत होता आणि खडूने टायरवरच आकडा लिहीत होता: डावीकडे ८६ इंच, उजवीकडे ८८. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर जखडलेली असतात, त्यामुळे उजव्या चाकाचा घेर मोठा ठेवला की निमुळता पेला जमिनीवर घरंगळताना जसा आपोआप गोल वळतो, तशी गाडी डावीकडे वळू पाहते. हे सगळे तो इतक्या आनंदाने समजावून सांगत होता की माझा चहा तसाच निवून गेला.

यंदा दिवाळीला त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "मामा, हा मोसम बहुधा शेवटचा." तो सुरुवात करत होता तेव्हा त्याच्या वर्गात वीस-बावीस गाड्या उतरत, या मोसमात कधी सात, कधी नऊ. त्याला विजय मिळाला तर पाचशे डॉलर मिळतात, दहाव्या क्रमांकाला मिळणाऱ्या पैशांत एक टायरही येत नाही, आणि पुढे राहायचे तर दर दुसऱ्या शनिवारी दोन नवे टायर लागतातच.

मला न उमगणारी गोष्ट अशी. मी पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यात एकतीस वर्षे काढली. एखादा भाग प्रमाणित केला, सगळ्यांना तोच वापरायला लावला, की त्याची किंमत उतरते, हे मी तिथे स्वतः पाहिले आहे. या शर्यतींत तर गेली कित्येक वर्षे एकच इंजिन, एकच टायर, एकच चासी असे नियम खर्च कमी करण्याच्याच नावाने येत आहेत. तरीही खर्च वाढतो आणि गाड्या घटतात. याचे कारण काय? आणि खर्चाला खरोखर लगाम घालणारा एखादा नियम कुणाला माहीत आहे का?

पोलोग्राउंडचा लेथवाला

रामबागकर, नमस्कार. माझे इंजिनांच्या बोअरिंगचे आणि हेड फेसिंगचे वर्कशॉप आहे आणि केबलवर नॅसकार दिसू लागले तेव्हापासून मी या शर्यती पाहतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

कारखान्यात भाग स्वस्त झाला की वाचलेला पैसा नफ्यात जातो किंवा गाडीची किंमत उतरते. शर्यतीत तसे होत नाही. शर्यतीला उतरणाऱ्याने मोसमासाठी जेवढी रक्कम बाजूला काढलेली असते तेवढी तो खर्च करणारच. तुम्ही इंजिनाचे दार बंद केलेत तर तो पैसा शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या दाराने बाहेर पडतो.

छोट्या ट्रॅकवर जनरल मोटर्सची ६०२ आणि ६०४ ही सीलबंद इंजिने सर्रास वापरली जातात. पहिले साधारण ३५० अश्वशक्तीचे, दुसरे ४०० चे. बोल्टवर सील असते, आत हात घालायचा नाही, म्हणजे सगळ्यांचे इंजिन सारखे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण कारखान्यातून आलेली दोन इंजिने कधीच तंतोतंत सारखी नसतात. पिस्टन आणि बोअरमधली फट मी रोज मायक्रोमीटरने मोजतो, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो तीन-चार इंजिने विकत घेतो, प्रत्येक डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवतो, त्यांतले सर्वांत जोरकस निघालेले गाडीत बसवतो आणि बाकीची विकून टाकतो. नियम कुठेही मोडलेला नाही, पण 'स्वस्त इंजिना'ची किंमत त्याच्यापुरती दुपटीवर गेली आणि एकच इंजिन परवडणारा तुमचा भाचा सुरुवातीलाच मागे पडला. त्यानंतर इंजिने जवळपास सारखी झाल्यामुळे फरक पाडायला उरतात शॉक, स्प्रिंगा आणि टायर, आणि सगळी चढाओढ तिथे सुरू होते. एकेका ट्रॅकसाठी वेगळे शॉक, ते उघडून पुन्हा जुळवणारा तज्ज्ञ, आणि आठवड्यात एक दिवस ट्रॅक भाड्याने घेऊन सराव. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असा हा प्रकार आहे.

वरच्या पातळीवरही हेच दिसते. आर्का या स्टॉक कार मालिकेने २०१५ मध्ये इल्मोर कंपनीचे ३९६ घनइंची, म्हणजे साडेसहा लिटरचे प्रमाणित इंजिन आणले. इंजिनाचा खर्च आटोक्यात आला असेल, पण आर्काच्या काही प्रादेशिक शर्यतींत आजही विसाच्या आतच गाड्या उभ्या राहतात. नॅसकारने २०२२ मध्ये 'नेक्स्ट जेन' गाडी आणली. पूर्वी संघ चासी स्वतः घडवीत. आता बहुतेक भाग ठरलेल्या एकेका पुरवठादाराकडूनच घ्यावे लागतात. मग त्या पुरवठादाराशी भाव करायला जागा उरत नाही, आणि आपल्या लेथवर जो भाग दुरुस्त झाला असता तो नवाच घ्यावा लागतो. प्रमाणीकरणाने भाव उतरतो तो दोन-चार कारखाने एकच माप बनवू लागतात तेव्हा. विकणाराच एक असेल, तर माप एक असून घेणाऱ्याला काय उपयोग?

आणखी एक कारण मला इंजिनापेक्षाही मोठे वाटते, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. 'स्टॉक' म्हणजे दुकानातून घेतलेली, रस्त्यावरची गाडी. १९४९ च्या जून महिन्यात, तुमच्या भाच्याच्याच शार्लटमध्ये, नॅसकारची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली, तेव्हा ग्लेन डनवे पहिला आला. पण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या म्हणून त्याला बाद करून जिम रोपरला विजयी घोषित केले गेले. एवढ्या काटेकोरपणे तेव्हा 'दुकानातली गाडी' जपली जात होती. पुढे अनेक दशके छोट्या ट्रॅकचा सगळा डोलारा भंगारवाल्याच्या आवारावर उभा होता: जड चौकटीची, मागच्या चाकांना ओढ असलेली अमेरिकन सेडान काही शे डॉलरला उचलायची, आतली आसने उपटायची, पाइपचा पिंजरा वेल्ड करायचा आणि शनिवारी उतरायचे. तशी शेव्हरले माँटे कार्लो १९८८ नंतर बनली नाही. फोर्डची क्राउन व्हिक्टोरियाही २०११ मध्ये बंद झाली. नंतरच्या बहुतेक घरगुती गाड्या पुढच्या चाकांना ओढ असलेल्या आणि वेगळी चौकट नसलेल्या आहेत. त्यामुळे आज 'स्ट्रीट स्टॉक' बांधायची तर चाळीस वर्षांपूर्वीची चौकट शोधावी लागते, किंवा तिची नवी नक्कल विकत घ्यावी लागते. ज्या खेळाचा कच्चा माल भंगारात मिळत होता तो आता कॅटलॉगमधून मागवावा लागतो. उद्या इथे कुणी मारुती ८०० च्या शर्यती सुरू करायच्या म्हटल्या, तर हीच अडचण येईल, कारण ती गाडी २०१४ मध्येच बंद झाली आणि चांगल्या स्थितीतली ८०० आता माझ्या वर्कशॉपलाही क्वचितच येते.

बाहाची माजी विद्यार्थिनी

लेथवाले काका, तुमचे बहुतेक म्हणणे मला पटते, पण अनुभवातून एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो.

आपल्या शेजारी पीथमपूरला २००७ पासून 'बाहा एसएईइंडिया' ही विद्यार्थ्यांची गाडी बांधून पळवण्याची स्पर्धा होत आली आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. मी दोन वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या संघात होते. सगळ्यांना एकाच कंपनीचे, साधारण १० अश्वशक्तीचे इंजिन, आणि त्याला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणता तसेच तिथेही घडले: पैसा गिअरपेटीत, परदेशी सीव्हीटीत (म्हणजे टप्प्यांशिवाय आपोआप गिअर जुळवणाऱ्या यंत्रणेत) आणि वजन घटवण्यात गेला. आमच्या गाडीचे पुढचे नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते ते भाग, आम्ही लोखंडाचे केले होते. शेजारच्या तंबूतल्या संघाचे अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेले होते. तो भाग मी हातात घेऊन पाहिला तेव्हा त्याचा हलकेपणा आणि आमच्या बजेटची लांबी-रुंदी एकाच वेळी लक्षात आली.

तरीही आम्ही उतरलो, कारण इंजिनाचा प्रश्न सुटलेला होता. इंजिन ज्याने-त्याने आणायचे असते तर आमच्यासारख्या संघाने अर्जच केला नसता. म्हणून मला वाटते की अशा नियमाने पुढच्या पाच जणांचा खर्च कमी होत नसला, तरी शेवटच्या पाच जणांसाठी दार उघडे राहते, आणि गाड्यांची संख्या त्या शेवटच्या पाचांवरच अवलंबून असते. प्रश्न 'जिंकायला किती लागतात' हा नसून 'लाज न वाटता शेवटून तिसरे यायला किती लागतात' हा आहे, आणि नियम करणाऱ्यांनी तो दुसरा आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

एका गोष्टीचा उल्लेख राहून गेला आहे, ती म्हणजे वेळ. आमच्या संघात पंचवीस जण होते आणि तरी आम्ही रात्री-रात्री जागत होतो. नोकरी करणारा, घर सांभाळणारा माणूस आठवड्याच्या चार संध्याकाळी गॅरेजमध्ये कुठून देणार? नव्या मुलांना तर आता घरबसल्या सिम्युलेटरवर शर्यत करता येते. आयरेसिंग हे असे सिम्युलेटर २००८ मध्ये सुरू झाले आणि विल्यम बायरन तिथूनच शिकून पुढे खऱ्या गाडीत बसला व २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना ५०० ही नॅसकारची सर्वांत मानाची शर्यत जिंकला. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण जो मुलगा पूर्वी शनिवारी कुणाच्या तरी गाडीचे टायर ढकलायला जात असे, तो आता खोलीतच असतो, आणि त्या ढकलण्यातूनच पुढचा चालक तयार होत असे.

स्नेहलतागंजचा सीए

मी यंत्रांतला नाही, हिशेबातला आहे, म्हणून तेवढेच लिहितो.

सर्वांत वरच्या कप मालिकेचे आकडे नॅसकारविरुद्धच्या खटल्यामुळे उघड झाले. मायकेल जॉर्डन सहमालक असलेला २३एक्सआय आणि फ्रंट रो या दोन संघांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दाखल केला होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये, सुनावणी चालू असतानाच, तडजोड झाली. संघांचे म्हणणे असे होते की एक गाडी वर्षभर पळवायला सुमारे २ कोटी डॉलर लागतात आणि सनदधारक, म्हणजे शर्यतीत हक्काची जागा असलेल्या, गाडीला नॅसकारकडून मिळतात सुमारे सव्वा कोटी. मधले पाऊण कोटी प्रायोजकाने द्यायचे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. डेन्व्हरच्या फर्निचर रो संघाने २०१७ चे अजिंक्यपद जिंकले आणि प्रायोजक निघून गेल्यावर २०१८ च्या अखेरीस संघ बंद केला. विजेत्याची ही गत.

२०१६ मध्ये आलेल्या सनद पद्धतीत ३६ गाड्यांची जागा पक्की झाली आणि शर्यतीतली कमाल संख्या ४३ वरून ४० वर आणली गेली. आता बऱ्याच शर्यतींत ३६ ते ३८ गाड्याच असतात. हक्काची जागा मिळाल्यामुळे संघांच्या हाती विकता येण्याजोगी मालमत्ता आली, हे चांगलेच झाले. परंतु त्याच सनदेची किंमत पुढे काही कोटी डॉलरवर गेल्याने नव्या माणसाला आत येण्याचा रस्ता जवळपास बंद झाला. ताळेबंदात ज्याला आपण मालमत्ता म्हणतो ती बाहेर उभ्या असलेल्यासाठी भिंत असते.

छोट्या ट्रॅकचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि रामबागकरांचा प्रश्न त्याच्याशी अधिक जुळतो. तिथे प्रेक्षकांच्या तिकिटाइतकाच, कधी त्याहूनही जास्त, पैसा पिटच्या, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या आवाराच्या, दाराने येतो. म्हणजे चालक, त्याचा भाऊ, मित्र, सासरा, सगळे आत जाण्याचे शुल्क भरतात. गाड्या कमी झाल्या की हे उत्पन्न घटते, मग ट्रॅकचालक नवे वर्ग काढतो, या आशेने की कुणीतरी नवा येईल. प्रत्यक्षात तेवढ्याच गाड्या सात वर्गांत वाटल्या जातात आणि सहा गाड्यांची शर्यत पाहायला कुणी दुसऱ्यांदा येत नाही. त्याउलट मोठ्या बक्षिसाच्या मोजक्या फिरत्या शर्यतींना आजही भरपूर गाड्या असतात. नॅसकारचा नामांकित चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२३ च्या सुमारास घेतलेली कार्स टूर हे त्याचे ठळक उदाहरण. पण तिथे धावणारा माणूस साहजिकच पैसे वाचवण्यासाठी दर शनिवारची घरची शर्यत सोडतो. शेवटी जमिनीचा भाव आडवा येतो. कॅलिफोर्नियातला अरविंडेल ट्रॅक १९९९ मध्ये सुरू झाला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. शहर वाढले की ट्रॅकपेक्षा गोदामाची किंमत जास्त येते. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेते आपण आपल्या डोळ्यांदेखत जाताना पाहिली आहेत, त्यामुळे हे वेगळे समजावायला नको.

पोलोग्राउंडचा लेथवाला

बाहाच्या ताईंनी 'शेवटून तिसरे' हा जो मुद्दा मांडला तो माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो बरोबर आहे. रामबागकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यावरूनच सुचले.

माझ्या मते खर्चाला खरा लगाम घालणारा नियम एकच आहे, आणि तो जुना आहे. त्याला 'क्लेम' म्हणतात. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या आयएमसीए या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने आपल्या 'मॉडिफाइड' वर्गातल्या गाड्यांसाठी तो वर्षानुवर्षे चालवला. शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्धी ठरलेली रक्कम पुढे करून विजेत्याचे इंजिन मागू शकतो. विजेत्याने नकार दिला तर त्याचे बक्षीस आणि गुण जातात. आता ज्या इंजिनाला कुणीही ठरलेल्या किमतीला उचलून नेऊ शकतो, त्यात त्याच्या दहापट पैसे कोण घालेल? इथे कुणाला सील तपासायचे नाही, मोजमाप करायचे नाही, अधिकाऱ्याशी वाद घालायचा नाही. मी माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध बोलतो आहे, कारण क्लेम असेल तर माझ्यासारख्याचे महागडे काम कमी होते, पण गाड्या टिकतात.

शॉकलाही तोच नियम लावावा, असे मला वाटते. टायरसाठी मात्र तो चालणार नाही. तिथे मोसमाला ठरावीक संख्या आणि प्रत्येक टायरवर शिक्का, हाच मार्ग.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. काल हे सगळे भाच्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की जानेवारीत ट्रॅकवाल्यांची चालकांबरोबर बैठक असते आणि तो दोन गोष्टी मांडणार आहे: स्ट्रीट स्टॉक आणि त्याला लागून असलेला वर्ग एकत्र करावा, आणि शॉकला क्लेम लावावा. स्वतःपुरते त्याने चार सिलिंडरच्या, पुढच्या चाकांच्या छोट्या गाड्यांच्या वर्गाची चौकशी सुरू केली आहे, कारण तशा गाड्या भंगारात अजून मिळतात.

क्लेमबद्दल त्याची एक शंका आहे. छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. शेजाऱ्याचे इंजिन मागणे म्हणजे त्याला खोटे पाडणे असे समजले जाते आणि भांडणे होतात. शिवाय एखादा श्रीमंत माणूस दुसऱ्याचे चांगले जुळलेले सामान केवळ त्याला मोडण्यासाठी उचलू शकेल. यावर उपाय काय?

पोलोग्राउंडचा लेथवाला

शंका रास्त आहे. मागणारा त्याच शर्यतीत शेवटपर्यंत, विजेत्याच्याच फेरीत (म्हणजे पूर्ण एक फेरी मागे न पडता) धावलेला असावा, म्हणजे बाहेरचा कुणी पैसे घेऊन येणार नाही. एका चालकाला मोसमात एक किंवा दोनच वेळा मागता यावे. मागणी झेंडा पडल्यापासून पाच मिनिटांत, रोख रक्कम अधिकाऱ्याच्या हाती देऊनच व्हावी. आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी, म्हणजे मागणाऱ्याने आपले शॉक काढून त्याच वेळी समोरच्याला द्यावेत. त्यामुळे कुणीही गाडी ट्रेलरवर चढवून रिकाम्या हाताने घरी जाणार नाही. रक्कम किती ठेवायची ते भाच्याला सांगा: त्या वर्गातल्या शेवटून तिसऱ्या गाडीवर कोणते शॉक आहेत ते पाहावे आणि त्या शॉकची दुकानातली किंमत लिहून बैठकीला न्यावी.